जुन्या तांब्याच्या भांड्याला किती पैसे मोजावेत

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तांब्याचा टोप उचलून बघितला, की विकणारा बहुतेक वेळा आधी त्याचे वय सांगतो. "पोर्तुगीज काळातला आहे," हे वाक्य ठरलेले. स्वयंपाकासाठी भांडे घेणाऱ्याने ते ऐकून सोडून द्यावे. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेले नाव किंवा साल असले, तरी त्यासाठी वेगळे पैसे देऊ नयेत. पैसे मोजायचे ते तांब्याच्या वजनाला आणि पत्र्याच्या जाडीला, आणि त्यातूनही दुरुस्तीचा खर्च वजा करून.

घरून निघण्यापूर्वी दोन भाव विचारून ठेवा. एक, तांब्याच्या मोडीचा त्या दिवशीचा भाव, तोही दोन भंगारवाल्यांकडून. दुसरा, भांड्यांच्या दुकानात तशाच नव्या जाड भांड्याचा किलोमागचा भाव, घडणावळ धरून. मोडीचा भाव हा तळ आणि नव्याचा भाव हे छत. तुमची किंमत या दोहोंच्या मधे कुठेतरी बसणार. सोबत लोहचुंबक, टेप, लिंबाची फोड, पांढरा कागद आणि स्वतःचा टांगता वजनकाटा घ्या.

चुंबक सगळीकडून फिरवा. अंगाला चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता तांब्याचा मुलामा. असे भांडे सोडून द्या. फक्त काठाला चिकटला तर काठ वळवताना आत लोखंडी तार घातलेली असते. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत ती तार गंजते, फुगते आणि तांब्याची घडी फाडून बाहेर येते, म्हणून काठावरून बोट फिरवून चीर शोधा. मग बाहेरून एका कोपऱ्यात लिंबू चोळा. तांबे गुलाबीसर लाल निघते, पितळ पिवळे. काहीच फरक पडला नाही तर वर वॉर्निश असण्याचा संभव आहे. शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या भांड्यांवर ते मारतात, आणि चुलीवर चढवण्याआधी ते पूर्ण काढावे लागते.

जाडी काठावरून कधीच कळत नाही, कारण तिथे पत्रा दुमडलेला असतो. ती वजनावरून काढावी. 25 सेंटिमीटर व्यासाच्या आणि 15 सेंटिमीटर उंचीच्या सरळ टोपाचा तळ व भिंत मिळून सुमारे 1,670 चौरस सेंटिमीटर पत्रा होतो. तांब्याची घनता घन सेंटिमीटरला 8.96 ग्रॅम, म्हणून 1 मिलिमीटर जाडीला असा टोप साधारण दीड किलो भरतो. कड्या, खिळे आणि तार यांचे वजन अंदाजाने वजा करून सव्वादोन किलोच्या वर तांबे उरले, तर जाडी सरासरी दीड मिलिमीटर. रोजच्या स्वयंपाकाला हे उत्तम. किलोभरच उरले तर पत्रा पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. अन्न एका जागी लागेल आणि तळाला लवकर पोचा पडेल.

सरासरी मात्र फसवते. वर्षानुवर्षे घासून आणि जाळावर राहून तळच झिजलेला असतो. अंगठ्याने दाबल्यावर तळ आत जाऊन टक्कन परत आला, तर मोडीपेक्षा जास्त देऊ नका. भांडे उन्हाकडे धरून आतून बघा, पाणी भरून वर्तमानपत्रावर अर्धा तास ठेवा. भिंतीवरचा पोचा तांबट ठोकून काढतो. तळ आणि भिंत मिळतात तिथली चीर मात्र पुन्हा पुन्हा उघडते.

सांध्यावर दातेरी पिवळी रेघ दिसली तर घाबरू नका, तो पितळेने जोडलेला जुना पक्का सांधा. करड्या रंगाचा मऊ डाग मात्र शिशाच्या जोडाचा असू शकतो. असे भांडे स्वयंपाकाला नको. आतल्या कल्हईवर पांढरा कागद जोरात घासा. काळपट करडी रेघ उमटली तर कथिलात शिसे मिसळल्याचा संशय धरा. नाही उमटली तरी जुनी कल्हई काढून शुद्ध कथिलाची नवी करायचीच, असा हिशेब ठेवा. कोकम, चिंच, ताक उघड्या तांब्यात कळकते, आणि ते पोटात जाणे चांगले नाही. हिरव्या जंगालामुळे किंमत कमी होत नाही, पण ते घासल्यावर खाली खड्डे दिसले तर होते.

आता हिशेब. समजा टोप 2.6 किलो आणि कड्या-खिळे 300 ग्रॅम, म्हणजे तांबे 2.3 किलो. मोडीचा भाव 700 आणि नव्याचा 1,300 धरला (आकडे फक्त रीत दाखवायला), तर तळ 1,610 आणि छत 2,990. भांड्याचे बूड शाबूत असेल तर दोन्ही भावांच्या मध्यावर, 2,300 वर या. त्यातून कल्हईचे, समजा, 500 वजा केले की 1,800 राहिले. बोलणी 1,600 पासून सुरू करा, 1,800 ला थांबा. खर्च वजा केल्यावर आकडा मोडीच्या खाली गेला, तर भांडे तिथेच ठेवा. विकणारा मोडीपेक्षा कमी घेणार नाही, आणि तुम्हाला ते परवडणार नाही. कल्हईचा दर मात्र आधी विचारा, आता कल्हईवाला प्रत्येक गावात येत नाही आणि चवथीच्या आधी त्याच्याकडे रांग असते.

भाणाचा, म्हणजे पाणी तापवायच्या मोठ्या तांब्याच्या भांड्याचा, हिशेब वेगळा. न्हाणीतल्या भाणाला आत कल्हई नसते. पाणी तापवायलाच घेत असाल तर तो खर्च धरू नका, पण काजळी खरवडून तळ बघितल्याशिवाय वजन करू देऊ नका. फेणीच्या भट्टीतल्या भाणाला नळीसाठी भोक असते. ते बुजवलेले असेल तर ठिगळ कशाने लावले आहे ते तपासा, आणि अशा भाणाला मोडीचाच भाव द्या.