टनाने भागलं म्हणजे झालं, असं मला वाटलं होतं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी वीजबचतीचा पहिला अहवाल दिला, त्यात आकडा होता महिन्याला १५,००० युनिट. खरी बचत निघाली ५,०००. लबाडी केली नव्हती. भागाकार केला होता, आणि तोही बरोबर केला होता.

एनर्जी ऑडिटच्या या लाइनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी २००२ पासून, हे तुम्हाला पाठ असेलच. ब्युरोच्या परीक्षेच्या चार पेपरांपैकी पहिले तीन सुटले की एनर्जी मॅनेजर आणि चौथाही सुटला की ऑडिटर, हेही माहीत असेल. चौथ्या पेपरला पुस्तक उघडून बसता येतं म्हणून त्याला हलकं घेऊ नका. पुस्तकात पान शोधत बसलात की वेळ संपतो. क्लासवाल्यांच्या नोट्स मी विकत घेतल्या होत्या, त्याचे पैसे अजून सलतात. ब्युरोचीच चार गाइडबुकं दोनदा नीट वाचा, पुरे.

आता मूळ गोष्ट.

त्या फाउंड्रीत आम्ही दोन कामं केली. कॉम्प्रेस्ड एअरच्या लाइनचं लीकेज काढलं आणि इंडक्शन फर्नेसचं (विजेवरच्या भट्टीचं) झाकण माल वितळत असताना बंद ठेवायची शिस्त लावली. कामाआधी महिन्याला १०० टन माल वितळत होता आणि ८०,००० युनिट जळत होते, म्हणजे टनाला ८००. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. प्रमाण तेच आहे.) काम झालं आणि नेमक्या ऑर्डरी वाढल्या. त्या महिन्यात १५० टन निघाले, बिल आलं १,०५,००० युनिटचं. भागा. टनाला ७००. टनामागे १०० वाचले, गुणिले १५०, झाले १५,०००. मालक खूश, ज्यांच्या हाताखाली मी होतो ते सर खूश, मी तर काय हवेतच. आमची फी बचतीच्या हिश्श्यावर होती, तीही मिळाली.

चार महिन्यांनी ऑर्डरी आटल्या. ६० टन. बिल ५२,८०० युनिट, म्हणजे टनाला ८८०! मालकांनी फोन करून बोलावून घेतलं आणि बिल टेबलावर टाकलं. "काय बचत म्हणूलालास रे? बघ की हे. आधीपेक्षा जास्त जळूलालंय." मला उत्तर देता आलं नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, "मार्केट डाऊन आहे म्हणून सांग." आता हे काय कारण झालं? पण ते खरं कारणच होतं. का, ते सरांनाही सांगता येत नव्हतं.

उत्तर मिळालं फर्नेसवरच्या मामांकडून. ते सहज म्हणाले, "भट्टीत माल असो नसो, कूलिंगचा पंप फिरतोच की." मी तिथेच खाली बसलो.

फाउंड्रीच्या विजेचे दोन भाग असतात. एक भाग टनांबरोबर वाढतो. दुसरा भाग माल निघो न निघो, जळतोच: कूलिंग पंप, कॉम्प्रेसरची गळती, दिवे, ट्रान्सफॉर्मरचा लॉस, ऑफिस. त्या फाउंड्रीचं जुनं गणित मांडलं तर महिन्याला २०,००० युनिट ठरलेले, आणि वर टनाला ६००. आता १०० टनांना ८०,०००, म्हणजे टनाला ८००. १५० टनांना १,१०,०००, म्हणजे टनाला ७३३. कुणी बोट न लावता टनाचा आकडा ६७ ने उतरला! ते २०,००० जास्त टनांवर वाटले गेले, एवढंच. ती 'बचत' ऑर्डरींनी केली होती आणि तिच्याखाली सही मी केली होती.

आमच्या कामाने खरं काय झालं? लीकेज काढल्यामुळे ठरलेला भाग २०,००० वरून १८,००० वर आला. झाकणामुळे ६०० चे ५८० झाले. म्हणून १५० टनांना १,१०,००० च्या जागी १,०५,०००. बचत ५,०००. आणि ज्या ६० टनांच्या महिन्यात मी चोर ठरलो, त्या महिन्यात जुन्या पद्धतीने ५६,००० लागले असते. लागले ५२,८००. म्हणजे तेव्हाही ३,२०० युनिट वाचलेच होते. चांगल्या महिन्यात मी तिप्पट सांगितली, वाईट महिन्यात होती ती बचतसुद्धा दाखवता आली नाही.

म्हणून प्रश्न 'आधी किती आणि आता किती' असा विचारायचाच नाही. 'आज जेवढा माल निघाला, तेवढाच जुन्या व्यवस्थेत काढायला किती लागले असते' हा प्रश्न. आयपीएमव्हीपीमध्ये, म्हणजे बचत मोजायच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, अ‍ॅडजस्टमेंट म्हणून जो शब्द येतो, तो हाच. पुस्तकात तो सूत्राच्या शेवटी अधिक-उणे चिन्ह लावून बसलेला असतो, म्हणून किरकोळ वाटतो. मलाही वाटला होता.

करायचं काय? कामाला हात लावायच्या आधीचे किमान बारा महिने घ्या. आडवे टन, उभे युनिट, एक्सेलमध्ये ठिपके टाका आणि रेघ ओढा. रेघ उभ्या अक्षाला जिथे छेदते तो तुमचा ठरलेला भाग. ठिपके रेघेपासून फार विखुरले असतील तर थांबा, काहीतरी तिसरं कारण आहे. आमच्याकडे बहुतेक वेळा ते पुढच्यांपैकीच एक असतं: बिलाचं रीडिंग एका तारखेचं आणि उत्पादनाचं रजिस्टर दुसऱ्या तारखेचं. खंडेनवमीला मशीनची पूजा, मग दिवाळी, भट्टी थंड पडते आणि पुन्हा तापवायला जास्त वीज खाते. आमच्या पावसात भिजलेलं स्क्रॅप. ग्रे आयर्नच्या ऑर्डरीमध्ये घुसलेलं एसजी आयर्न, म्हणजे दुसऱ्या जातीचं ओतीव लोखंड. आणि 'टन' म्हणजे कुठला टन? वितळलेला, की रनर-रायझर (ओतताना मालाला चिकटून राहणारे जादा तुकडे) तोडून, रिजेक्शन वजा करून गाडीत चढलेला? अहवालाच्या पहिल्या पानावर हे लिहा, नाहीतर वर्षाने मालकाचा अकाउंटंट तुम्हाला दुसराच टन दाखवेल.

मोठ्या कारखान्यांना हे सरकारने आधीच लावलंय. २०१२ ला सुरू झालेल्या पॅट योजनेच्या (कारखान्याला ऊर्जाबचतीचं लक्ष्य, जादा बचत विकायची मुभा) पहिल्या फेरीत ८ क्षेत्रांतले ४७८ कारखाने होते, आणि त्यांची टनामागची ऊर्जा मोजताना क्षमतेचा वापर किती झाला त्यानुसार नॉर्मलायझेशन, म्हणजे आकडा जुळवून घेणं, करावं लागायचं. मी ते फॉर्म बघून कपाळाला हात लावायचो, कशाला एवढी पानं म्हणून. आता कळतं. तिथे एक टन तेलाइतकी ऊर्जा म्हणजे एक प्रमाणपत्र, विजेत ११,६३० युनिटच्या आसपास, आणि ते बाजारात विकलं जातं. मंदी-तेजीची हवा त्यात शिरली तर हवाच विकली जाईल. २०२३ च्या कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजनेतही मोजायचं ते टनामागचं उत्सर्जन, म्हणजे भागाकार सुटला नाहीच. आपल्या फाउंड्री एवढ्या मोठ्या नाहीत, पण ब्युरोच्या लघुउद्योगांच्या कार्यक्रमांत बेळगावचं फाउंड्री क्लस्टर आलेलं आहे. तिथलं काम तुमच्या वाट्याला येऊ शकतं.

बाकीचं थोडक्यात. मीटरचा मल्टिप्लायिंग फॅक्टर (रीडिंगला ज्याने गुणायचं तो आकडा) स्वतःच्या डोळ्यांनी बघा, सीटीच्या, म्हणजे मीटरच्या करंट ट्रान्सफॉर्मरच्या, पाटीचा फोटो काढा. पॉवर फॅक्टर सुधारून बिल कमी झालं तर ते रुपये वाचले, त्याला ऊर्जेची बचत म्हणू नका. दुसऱ्याच्या अहवालाचा साचा उचलू नका, त्यातली चूकही वारशाने येते. माझी तशीच आली होती. आणि गुरू शोधत असाल तर कार्डावर चार पदव्या छापलेल्या सल्लागारापेक्षा वीस वर्षं मेंटेनन्समध्ये हात काळे केलेला माणूस धरा. हे माझं मत आहे, पटलं तर घ्या.

घाबरू नका मात्र. गणित आठवी-नववीचंच आहे. मला ते समजायला एक अपमान लागला, तुम्हाला कदाचित हे वाचून जमेल.

मी नवा कागद घेऊन मालकांकडे गेलो. जादा घेतलेली फी पुढच्या हप्त्यांतून वळती करा म्हणालो. सर दोन महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत. मालकांनी कागद उलटसुलट बघितला, मामांना हाक मारून विचारलं, "हे पंपाचं खरं काय?" आणि चहा मागवला. आता दर महिन्याच्या एक तारखेला त्यांचा मेसेज येतो, नुसता टनांचा आकडा. बिलाचा फोटो अजून आठवडाभर मागे लागल्याशिवाय येत नाही.