टाचणात आधी क्रियापद, मग मोबाईल

सातवीच्या भूगोलात समोच्च रेषांचा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा, पाठ आहे. पहिल्या वर्षी मी त्यावर एक सुंदर व्हिडिओ शोधला, प्रोजेक्टर लावला. मुलं टक लावून बसली. तास संपताना विचारलं, रेषा जवळजवळ असल्या तर उतार कसा? वर्ग गप्प. मी टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, उद्दिष्ट लिहिलं होतं, ‘समोच्च रेषा समजून घेणे’. आता हे ‘समजणं’ तपासायचं कसं?

तेव्हापासून अध्ययन निष्पत्ती, म्हणजे तासानंतर मुलाला काय करता यायला हवं ते, लिहिताना मी डोळ्यांना दिसेल असं क्रियापद घेते : ‘रेषांमधलं अंतर पाहून तीव्र व मंद उतार ओळखतो, कारण सांगतो.’ त्याच्याखाली लगेच तासाचा शेवटचा प्रश्न लिहायचा. मधली मिनिटं सगळ्यात शेवटी भरायची.

मग बघायचं, खडू-फळ्याने नेमकं काय होत नाही? इथे एकच गोष्ट : तोच डोंगर बाजूने आणि वरून पाहणं. म्हणून गूगल अर्थवर नाशिकजवळचा पांडवलेणीचा डोंगर. मुंबई-आग्रा महामार्गावरून जाता-येता आमच्या मुलांनी तो पाहिलेला असतो, पण डोक्यावरून कुणीच नाही. आधी समोरून दाखवा, मग दोन बोटांनी हळूहळू फिरवत थेट वरून. चार मिनिटं पुरतात, मग पडदा बंद. शाळेत रेंज मिळेलच असं नाही, म्हणून आदल्या रात्री घरीच स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा.

बाकी तास बटाट्याचा. बटाटा मुद्दाम वाकडा निवडा, एका बाजूला उभा, दुसरीकडे निमुळता. गोल घेतला तर सगळ्या बाजूंना अंतर सारखंच येतं. अर्धा कापून पालथा ठेवायचा, दोन काड्या वरून आरपार खोचून भोकं पाडायची आणि काड्या काढून घ्यायच्या. पट्टीने दर सेंटिमीटरला खूण करून आडवे काप पाडायचे. सुरी माझ्याच हातात. मुलं वहीत सगळ्यात मोठा काप आधी गिरवतात, भोकांच्या जागी ठिपके देतात आणि पुढचा प्रत्येक काप त्याच ठिपक्यांवर बसवतात. उभ्या बाजूच्या रेषा आपोआप दाटीने येतात. ‘बाई, इकडे चिकटल्या!’ हे कुणीतरी ओरडतंच. तिथे मी काहीही समजावत नाही, थांबते.

शेवटची सात मिनिटं फळ्यावर नवा नकाशा. ‘आजीला घेऊन कोणत्या बाजूने चढाल? का?’ उत्तर चिठ्ठीवर, नाव घालून. ज्यांचं ‘का’ चुकलं, त्यांच्या चिठ्ठ्या मी वेगळ्या काढते आणि दुसऱ्या दिवशीचं टाचण त्यांच्यापासून सुरू करते.