मध्यस्थीची तारीख लागलीय? विजयनगरला निघण्याआधी एवढं करा

सांगलीत विजयनगरला असलेल्या जिल्हा न्यायालयात मी दिवाणी वकिली करते आणि चाळीस तासांचं प्रशिक्षण झाल्यापासून मध्यस्थ म्हणूनही बसते. समेट झालेली माणसं वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढताना दिसली की मी आधी त्यांचं तडजोडपत्र मागून घेते. घोळ बहुधा तिथंच असतो. ‘उभयतांनी सामाईक विहिरीचे पाणी सामंजस्याने वापरावे’ असलं एखादं वाक्य सापडतं. अहो, सामंजस्य असतं तर दावा कशाला झाला असता?

हे टिपण पक्षकारासाठी आहे. ‘वकीलसाहेब म्हणतात मध्यस्थीला जा, पण तिथं नक्की करायचं काय?’ असं विचारणाऱ्यासाठी. जमिनीवर जास्त बोलेन, कारण मिरज, तासगाव, पलूस, जत, कुठूनही माणूस येवो, बांध, पाणी आणि वाटप यांतलं काहीतरी एक त्याच्या पिशवीत असतंच.

आधी कुठे जाताय ते कळू द्या

मध्यस्थ निकाल देत नाही, कुणाचं चुकलं हे लिहीत नाही. लवादाचा निवाडा तुम्हाला पटो न पटो, बांधून टाकतो. मध्यस्थीत तुमची सही नसेल तर काहीच होत नाही. लोकअदालतही तडजोडीचीच जागा, पण तिथं एका दिवसात ढीगभर प्रकरणं पटलावर असतात. बँकेचं कर्ज, मोटार अपघात, चेकचं प्रकरण, म्हणजे जिथं फक्त आकडा ठरायचा बाकी आहे, त्याला ती चांगली. भावाभावांचं जुनं दुखणं तिथल्या पाच मिनिटांत उलगडत नाही.

आपल्याकडे तिसरीही एक वाट आहे. अंजनीचे आर. आर. पाटील, म्हणजे आपले आबा, राज्याचे गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावोगाव समित्या बसल्या आणि बरीच भांडणं पारावरच मिटली. चांगलंच झालं. पण तेव्हापासून स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केली की काम फत्ते, असा समज घट्ट झालाय. तो स्टॅम्प आधी शंभराचा होता, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झाला. वजन मात्र तेवढंच. समोरचा फिरला तर त्या कागदावर दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) लावता येत नाही, पुन्हा दावाच लावावा लागतो. चालू दाव्यातली तडजोड न्यायालयापुढे नोंदली गेली की तिचा हुकूमनामा होतो आणि त्याची अंमलबजावणी करून घेता येते. तेव्हा गावात मिटलं असेल तर उत्तमच, पण दावा चालू असेल तर तोच समेट कोर्टात आणून नोंदवा.

मध्यस्थीकडे जायचं कसं? दावा चालू असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली न्यायाधीश पाठवतात. त्यांनी पाठवायची वाट बघत बसू नका. कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) दाखल झाली की तुमच्या वकिलांना अर्ज द्यायला सांगा. दावाच लावला नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करता येतो. तीन लाख किंवा त्यावरचा व्यापारी वाद असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२-अ प्रमाणे आधी मध्यस्थी सक्तीचीच आहे. ही पायरी गाळली तर वादपत्रच फेटाळलं जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या प्रकरणात बजावलंय. हळदीच्या आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी.

२०२३ चा मध्यस्थी कायदा बऱ्याच जणांनी ऐकलाय. १२० दिवसांत काम संपवा, फार तर आणखी ६० दिवस घ्या, झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याची ताकद, असं त्यात आहे. पण सगळी कलमं एका दिवशी लागू झाली नाहीत. ९ ऑक्टोबर २०२३ ला थोडीच झाली. म्हणून कुणी खासगी मध्यस्थ ‘नव्या कायद्याने हा कागद पक्का’ म्हणाला, तर ते कलम आजच्या तारखेला लागू आहे का, एवढं आपल्या वकिलांना विचारून घ्या.

घरून निघण्याआधी

ताजा सातबारा, आठ-अ, वादातल्या नोंदीचे फेरफार, मोजणी झाली असेल तर तिच्या नकाशाची ‘क’ प्रत, विहिरीचा वाद असेल तर लाइट बिल. एका पिशवीत, क्रमाने. मग एका कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहा: मला काय हवंय, किती कमी चालेल, आणि आज काहीच ठरलं नाही तर माझं काय होईल. तिसरी ओळ कुणी लिहीत नाही. दावा, मग अपील, मग दुसरं अपील, तोवर रान पडीक किंवा दुसऱ्याच्या ताब्यात. दुसरी ओळ या तिसरीशी ताडून बघायची. ‘माझ्या हक्काचं ते घेणारच’ म्हणणारा माणूस ही तिसरी ओळ लिहिताना गप्प होतो. हा कागद कुणाला दाखवायचा नाही, मध्यस्थालाही नाही.

आता कोण यायला हवं. वाटपाच्या मध्यस्थीला भाऊ येतात, चुलते येतात, एखादे पाहुणे ‘मी फक्त बसतो’ म्हणून येतात. बहिणी येत नाहीत. ‘आक्का कऱ्हाडला असती, तिची काय हरकत नाही’, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पहिला प्रश्न तोच विचारते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मापासून हिस्सेदार आहे आणि त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असायला हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलंय. तिला वगळून केलेली तडजोड तिच्यावर बंधनकारक नाही. उद्या तिची मुलं दावा घेऊन उभी राहिली तर दोष कुणाचा?

आणि आली, तरी तिच्याशी मी वेगळी बोलते. भावांसमोर ती ‘मला काही नको, माहेर तुटायला नको’ म्हणते. एकटी असताना कधी तेच म्हणते, आणि ते मनापासून असतं. कधी म्हणते, ‘जमीन नको मॅडम, पण आईला महिन्याला पैसे कोण देणार ते लिहून घ्या.’ हक्कसोड करायची की नाही हा तिचा निर्णय. फक्त तो साडी-चोळीच्या बदल्यात घाईने व्हायला नको. बहिणींनो, स्वतःचा वकील घ्या. महिलांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. १५१०० वर फोन केलात तरी माहिती मिळेल.

घरात अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, वारस असेल तर तेही आधीच सांगा. त्याच्या वतीने तडजोड करायला न्यायालयाची परवानगी लागते, नुसती आईची सही पुरत नाही.

बैठकीत

न्यायालयाने पाठवलेल्या मध्यस्थीत मध्यस्थाला फी द्यायची नसते. बैठकीत आधी सगळे एकत्र, मग प्रत्येकाशी वेगळं. वेगळ्या बैठकीत सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय पलीकडे जात नाही. तडजोड फिसकटली तर न्यायाधीशांकडे ‘झाली नाही’ एवढंच जातं. का नाही, कोण अडलं, यातलं काही नाही. मध्यस्थाला साक्षीला बोलावता येत नाही. म्हणून मोबाइलवर चोरून रेकॉर्डिंग करू नका. ते वापरता येणार नाही आणि समोरच्याच्या लक्षात आलं तर बैठक तिथंच संपते.

वेगळ्या बैठकीत खरं बोला. बांधाच्या दोन फुटांवर अडून बसलेल्या माणसाचं दुखणं पुष्कळदा दुसरीकडे असतं: वडिलांच्या दवाखान्याचा खर्च एकट्यानं केला, आणि त्याचं कुणी नावही काढलं नाही. तो हिशेब टेबलावर आला की दोन फूट आपोआप दीड होतात.

तडजोडपत्र: इथं घाई नको

बैठकीत झालेलं बोलणं बाहेर सांगायचं नाही हे बंधन माझ्यावरही आहे, म्हणून नमुन्यासाठी एक विहीर मनानेच रचते. थोरला, धाकटा, मधे सामाईक विहीर, पाच एचपीची मोटर, मीटर थोरल्याच्या नावावर, पाइपलाइन धाकट्याच्या रानातून.

सगळ्यात आधी विहिरीचं वर्णन: गट नंबर, कुठल्या दिशेला, मोटर किती एचपी, महावितरणचा ग्राहक क्रमांक. मग पाळी. ‘एक आठवडा तुझा, एक माझा’ हे ऐकायला सरळ वाटतं. पण शेतीची थ्री फेज लाइट जर एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येत असेल, तर थोरल्याला कायम दिवसाचं पाणी आणि धाकट्याला कायम रात्रीचं, तेही साप-विंचवात. चार-चार दिवसांची पाळी ठेवली की दिवस-रात्र दोघांत फिरते. पाळी किती वाजता बदलते तेही लिहा. लाइट गेली किंवा मोटर जळाली तर गेलेले तास पुढं भरून मिळणार का, हेही.

मग मोटर. ती कुणाच्याही पाळीत जळाली तरी रिवाइंडिंगचा खर्च निम्मा-निम्मा की ज्याची पाळी त्याचा? दुकानात कोण नेणार, किती दिवसांत? बिल थोरला भरणार असेल तर धाकट्याने निम्मी रक्कम बिलाच्या तारखेपासून किती दिवसांत द्यायची, आणि नाही दिली तर? ‘पाणी बंद’ असं लिहू नका, त्यातून मारामाऱ्या होतात. थकलेली रक्कम ठरलेल्या व्याजासह वसूल करता येईल असं लिहा. पाइपलाइन फुटली तर धाकट्याच्या उभ्या पिकात खणायचं का, नुकसानीचे किती. मार्चनंतर पाणी उतरलं की आधी कुणाचं पीक? एकाचा ऊस आणि दुसऱ्याची द्राक्षबाग असेल तर हा प्रश्न पहिल्याच उन्हाळ्यात येतो. शेवटी, कुणी रान विकलं तर पाण्याचा हिस्सा जमिनीबरोबर जातो आणि वारसांनाही ही पाळी लागू राहते, ही ओळ.

पान-दोन पानं वाढतील. वाढू द्या. आणि मसुदा मराठीतच करायचा, मोठ्यानं वाचून घ्यायचा, प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या. इंग्रजी मसुद्यावर अंगठा उठवायला लावणाऱ्याला खुशाल थांबवा.

जमिनीच्या तडजोडीत आणखी एक खाचखळगा. दाव्यात नसलेली मिळकत, समजा गावातला वाडा किंवा कुपवाडचा प्लॉट, तडजोडीत घातली तर त्या भागासाठी नोंदणी आणि मुद्रांक शुल्क लागतं. दाव्यातल्याच मिळकतीपुरता हुकूमनामा असेल तर नोंदणी कायद्याची ती अट येत नाही. वकिलांना आधीच विचारा, सही झाल्यावर नाही. वाटप असेल तर सरस-निरस (चांगली-हलकी जमीन) बघून मोजणीचा नकाशा तडजोडपत्राला जोडून टाका. पुढचं महसुली काम सोपं जातं. दोन शेतकरी बारा वर्षं किंवा जास्त एकमेकांचीच जमीन कसत असतील तर राज्य सरकारची सलोखा योजना आहे: अदलाबदलीच्या दस्ताला एक हजार मुद्रांक आणि एक हजार नोंदणी फी. तिची मुदत चालू आहे का, हे तलाठ्याकडे विचारून घ्या.

नवरा-बायको आणि चेक

इथं थोडक्यात. पत्नीच्या छळाचा गुन्हा, म्हणजे दंड संहितेचं जुनं कलम ४९८-अ आणि आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, दोघांनी ठरवून मागे घेता येत नाही. तडजोडीनंतर तो उच्च न्यायालयातून रद्द करून घ्यावा लागतो. त्यासाठी सांगलीकरांना आधी मुंबई गाठावी लागायची, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. पोटगीची एकरकमी रक्कम टप्प्यांत बांधा: काही संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज देताना, काही अंतिम हुकमाला, उरलेली गुन्हा रद्द होताना. सगळी आधी दिली तर नवरा अडकतो, सगळी शेवटी ठेवली तर बायको.

द्राक्षाच्या पैशांचे चेक परत आलेल्या बागायतदारांनी हप्त्यांच्या तारखा आणि एक हप्ता चुकला तर काय, हे लिहून घ्यावं. आरोपीने जितक्या लवकर मिटवलं तितकं त्याला स्वस्त. उशिरा मिटवणाऱ्याला चेकच्या रकमेच्या काही टक्के वर भरावे लागतात.

सही झाल्यावर

तडजोड पुरसीस (तडजोड झाल्याचा न्यायालयाला द्यायचा लेखी कागद) दाखल होताना न्यायाधीश दोन्हीकडच्यांना विचारतात, ‘समजून सही केली का?’ शंका असेल तर तिथंच बोला, कारण संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही. वादीने पुरसिशीतच कोर्ट फी परत मिळण्याची मागणी घालावी. ती तरतूद आहे, पण मागितल्याशिवाय कुणी हातात आणून देत नाही. आणि हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकलेचा अर्ज लगेच द्या, दोन नकला मागा: एक तलाठ्याकडे फेरफारासाठी, एक घरच्या ट्रंकेत. नोंद लागून नवा सातबारा हातात पडेपर्यंत तलाठ्याच्या मागे राहायचं काम तुमचंच आहे, वकिलांचं नाही.