पहिल्या गृहभेटीला ओळखपत्र पिशवीत ठेवा

समाजकार्याची पदवी घेऊन एचआयव्हीबाधितांच्या घरी भेटी देण्याच्या कामाला लागलात की पहिल्याच आठवड्यात प्रशिक्षण होतं. विषाणू, सीडी-फोर (प्रतिकार करणाऱ्या पेशींची मोजणी), व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण), समुपदेशनाच्या पायऱ्या, सगळं सांगतात. एचआयव्हीबाधित कुटुंबाच्या दारात कसं जायचं, ते मात्र मी चूक करून शिकले.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा गळ्यात संस्थेचं ओळखपत्र लटकत होतं आणि स्कूटर थेट तुळशीपाशी लावली होती. शेजारीण आली, कार्ड हातात धरून सावकाश वाचलं. त्या घरच्या वहिनींनी नंतर चार महिने माझा फोन उचलला नाही. गोवा केवढासा! बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, गेलं की वॉर्डबॉय आपल्याच गावचा निघतो, कदंब बसचा कंडक्टर भावाच्या ओळखीचा असतो. म्हणून काहीजण जवळचं बांबोळी सोडून औषधासाठी मडगाव गाठतात, दिवस मोडतो तरी. त्यांना ‘इतक्या लांब कशाला?’ असं विचारू नका.

ही भीती उगाच नाही. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या नेमाने रक्तदान करणाऱ्या तरुणाला एचआयव्ही असल्याचं कळलं, तेव्हा गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्याला क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात ६४ दिवस कोंडून ठेवलं होतं. आता २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू. मोजके अपवाद सोडले तर संमतीशिवाय कुणाचीही एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही. पण कायदा शेजारणीला थोडाच माहीत असतो!

घरात गेल्यावर आधी बसा. एका आजीने स्टीलच्या पेल्यात चहा दिला आणि मी पितेय का ते बघत उभी राहिली. पेला रिकामा झाल्यावर मगच सुनेला हाक मारली. तिची भांडी वेगळी ठेवायची गरज नाही, हे मला त्या दिवशी तोंडाने सांगावंच लागलं नाही.

मग एचआयव्हीच्या गोळ्या. एका बाटलीत ३०, रोज एक. बाटली १ तारखेच्या रात्री सुरू झाली असेल तर १८ तारखेच्या सकाळी १३ उरायला हव्यात. त्या सुनेकडे १६ होत्या. रागवायचं नाही, ‘अडचण कुठे आली?’ एवढंच विचारायचं. चवथीला मूळघरी गेली होती. एका खोलीत सात बायका, बाटली उघडली की गोळ्या खळखळणार. तेव्हापासून ती सणाला जाताना बाटलीत कापूस कोंबून नेते. विसरलेली गोळी आठवल्याबरोबर घ्यायची, पण दुसऱ्या रात्री दोन एकदम नाहीत, हे दर भेटीत सांगा. गोळ्या नेमाने घेऊन व्हायरल लोड सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. हे नवराबायको दोघांसमोर सांगा. ही एक गोष्ट कळली की काही घरांत वर्षांचा अबोला सुटतो.

खोकला, ताप, रात्रीचा घाम आणि वजन, या चार गोष्टी दर वेळी विचारायच्या, कारण टीबी इथे सगळ्यात आधी गाठतो. वजनकाटा घेऊन वाड्यावर जाता येत नाही. मी ब्लाउजकडे बघते. एकीने दोन्ही बाजूंना नव्या टिपा घातल्या होत्या. खोकला ‘दमटपणाचा’ म्हणत होती. थुंकी तपासायला पाठवली, टीबी निघाला.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत बाधितांनाही मासिक मदत मिळते. पण अर्जावर कारण लिहावं लागतं. तो कुणाकुणाच्या हातातून जाणार ते आधी समजावा, मगच सही घ्या. कुणी नको म्हटलं तर विषय तिथेच सोडा.

आणि पहिल्याच भेटीत ठरवून घ्या, शेजाऱ्यांनी विचारलं तर तुम्ही कोण. उत्तर घरच्यांचं असू दे, तुमचं नको. फोनमध्येही त्याच नावाने नंबर ठेवायला सांगा. त्या सत्तरीच्या वहिनी शेवटी बोलू लागल्या, त्यांच्याकडे मी शिवणक्लासची बाई आहे. गेल्या महिन्यात तीच शेजारीण ब्लाउजपीस घेऊन आली, माप द्यायला. मला साधं बटणही लावता येत नाही.