ल्वारच्या काठाने सायकल चालवताय? सपाट आहे म्हणून गाफील राहू नका, या चुका टाळा

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला आपल्याकडचे बरेच जण जातात आता. दर चार वर्षांनी असते, २०२३ला झाली, पुढची २०२७ला. १२०० किमी ९० तासांत संपवायचे आणि मग सुट्टी उरलीच आहे तर ल्वार नदीच्या काठाने चार दिवस मस्त फिरून यायचं, असा प्लॅन ग्रुपवर हमखास पडतो. प्लॅन चांगलाच आहे, पण त्या चार दिवसांची तयारी कोणी करत नाही, कारण काय तर रस्ता सपाट आहे. पाय तिथे खरंच दुखत नाहीत हो. घोळ होतो तो वाऱ्याचा, टायरचा आणि सगळ्यात जास्त घड्याळाचा.

आधी रूट. ल्वार आ व्हेलो नावाचा बोर्ड लावलेला मार्ग आहे, साधारण ९०० किमी, नव्हेरजवळच्या क्यूफीपासून अटलांटिकवरच्या सँ-ब्रव्हँपर्यंत. सगळा करायची काही गरज नाही. ब्ल्वा ते सोम्यूर एवढा पट्टा चार दिवसांना भरपूर आहे, आणि तो युनेस्कोने २०००मध्ये जागतिक वारसा म्हणून घेतलेल्या भागातच येतो. पण लोक करतात काय, नकाशा बघतात, नदी पश्चिमेला वाहते, म्हणजे उतार, म्हणजे नदीबरोबर जायचं. आता तो उतार इतका किरकोळ आहे की सायकलवर कळतसुद्धा नाही, आणि तिकडचा वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. म्हणजे दिवसभर समोरून वारा खात नदीच्या उघड्या बांधावरून चालवायचं, आडोसा काही नाही. जमत असेल तर सोम्यूरला ट्रेनने जा आणि सायकलने ब्ल्वाकडे या. उलटंच जायचं असेल तर सकाळी लवकर निघा, दुपारपर्यंत मोठा टप्पा उरकून घ्या, आणि ग्रुपमध्ये असाल तर पाळीपाळीने पुढे राहा, हिरोगिरी नको.

आता टायर, यावर जरा जास्तच बोलतो. बोर्डांचा मार्ग सगळा डांबरी नाही. मधे मधे दाबलेल्या बारीक खडीचे, मातीचे, जंगलातले पॅच येतात, आणि हे बोर्ड फॅमिली टूरिंगवाल्यांसाठी लावलेत, तुमच्या २३ किंवा २५ मिमी रुंदीच्या टायरसाठी नाहीत. वूव्रे या वाइनच्या गावाच्या आसपास द्राक्षमळ्यांतून गेलात तर जमिनीत सिलेक्स म्हणजे चकमकीचे दगड असतात, त्यांच्या कडा चांगल्याच धारदार. पॅरिस-तूर ही १८९६पासूनची जुनी रेस, स्प्रिंटरांची म्हणून ओळखली जाणारी, तिच्यात २०१८पासून हे मळ्यांतले रस्ते घातलेत, आणि तिथे प्रो लोकांचेसुद्धा टायर फुटतात ज्यांच्या मागे मेकॅनिकची गाडी असते. तुमच्या मागे कोणी नसणार. फ्रेममध्ये बसत असेल तर सरळ ३२चा टायर लावा, नाहीतर निदान २८, आणि हवा आपल्या हायवेवर भरता तशी दगडासारखी कडक भरू नका.

पंक्चर झालंच तर? दोन ट्यूब, पॅच किट आणि हातपंप तुमच्याकडेच हवा. खेड्यात सायकलचं दुकान नसतं, पेट्रोल पंपावरची हवा प्रेस्टा म्हणजे सायकलच्या बारीक व्हॉल्व्हला अडॅप्टरशिवाय बसत नाही (त्याच व्हॉल्व्हला फ्रेंच व्हॉल्व्ह पण म्हणतात, गंमतच आहे). टायरची बाजू चिरली असेल तर नुसती ट्यूब बदलून उपयोग नाही, ती चिरेतून फुग्यासारखी बाहेर येते आणि शंभर मीटरवर परत फट्. आतून काहीतरी लावा, एनर्जी जेलचं रिकामं पाकीट दुमडून, नाहीतर पाच युरोची नोट, हवा जरा कमी भरा आणि पुढच्या मोठ्या गावापर्यंत हळू जा.

खडी टाळायला बोर्ड सोडून मोठ्या रस्त्याला लागणं ही पण चूकच. उत्तर काठाने डी ९५२ हा जिल्हा रस्ता जातो, नकाशावर नदीला एकदम चिकटून, दिसायला स्वर्ग, पण त्यावर ट्रकबिक सगळं चालतं. दक्षिण काठ घ्या, आणि शक्यतो छोटे डी रस्ते शोधा, जिथे दहा मिनिटांत एखादी गाडी दिसते. जीपीएक्स म्हणजे रूटची फाइल घरीच बघून, सॅटेलाइट फोटोवर तपासून, ऑफलाइन उतरवून ठेवा. मॅपच्या भरवशावर राहिलात तर कोणाच्या तरी मळ्यात जाऊन उभे राहाल.

सपाट म्हणतात तेही नदीपुरतंच खरं आहे. जुनी गावं चढावर बसवलेली असतात. काँद-सँ-मार्तँ घ्या, व्हिएन नदी जिथे ल्वारला मिळते तिथलं गाव, तूरचे बिशप सेंट मार्टिन इथेच ३९७मध्ये वारले. चर्चच्या मागून वर जायची वाट अशी आहे की सायकल खालीच लावलेली बरी, पण वर जाच, दोन्ही नद्यांचा संगम तिथूनच नीट दिसतो. शिनोँचा किल्लाही असाच उंचावर. आणि गल्ल्यांत दगडी फरशी, रोड क्लीट (पेडलमध्ये अडकवायची बुटाखालची खाच) घालून त्यावर चालायला गेलात की पडलात. रोज दोन-तीन गावं उतरून बघायची असतील तर एमटीबीवाले आत दबलेल्या क्लीटचे शूज घ्या.

माँसोरो ते सोम्यूर या तुकड्यात तर एक वेगळीच भानगड आहे. इथला पांढरा मऊ चुनखडीचा दगड, तुफो म्हणतात, तो कापून शॅतो म्हणजे किल्लेवजा वाडे बांधले आणि कापून उरलेल्या गुहांत लोक राहायला लागले, आता तिथे वाइन आणि मशरूम असतात. सुझे-शाँपिन्यीला सायकलचा मार्गच अशा गुहेतल्या गल्लीतून जातो. बाहेर कडक ऊन, डोळ्यावर काळा गॉगल, आणि एकदम आत शिरलात की काही सेकंद ठार आंधळे, खाली जमीन खडबडीत आणि समोरून एखादी आजी चालत येत असते. आत शिरायच्या आधी गॉगल काढा, लाइट लावा, नाहीतर सरळ उतरून चाला.

घड्याळ. सगळ्यांची वाट इथे लागते. खेड्यातलं दुकान साडेबाराला बंद होतं आणि दोन-अडीचपर्यंत उघडत नाही, हॉटेलचं किचन दीड-दोनला जेवण बंद करतं आणि संध्याकाळी सात-साडेसातशिवाय चालू होत नाही. आपण तीनला भुकेले पोचतो, आणि गावात चिटपाखरू नाही. रविवारी दुपारनंतर सगळं बंद, सोमवारी बरंच काही बंद, बेकरीचाही आठवड्यातला एक सुट्टीचा वार असतो. त्यामुळे सकाळी निघतानाच बगेट (लांब फ्रेंच पाव), चीज, केळी खिशात टाका. आणि जूनमध्ये रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो म्हणून चालवत राहू नका, नऊनंतर पोचलात तर जेवण मिळेल याची काही खात्री नाही.

व्हेज असाल तर आणखी थोडं सांभाळा. या भागात फुए नावाची छोटी गरम फुगलेली पोळी मिळते, पोटात काहीतरी भरून, मशरूमची मागा, पण त्यातच रियेत पण भरतात आणि ते डुकराचं मांस असतं. चीजच्या सॅलडवर लार्दों म्हणजे डुकराचेच तुकडे पडलेले असू शकतात, कीश या अंड्याच्या खाऱ्या पायमध्ये तर बऱ्याचदा असतातच. "साँ व्हियाँद" म्हणजे मांस नको, एवढं पाठ करा. आणि दुकानात शिरताना आधी "बाँझूर" म्हणजे नमस्कार, मग बाकीचं. डायरेक्ट "टू क्रोसाँ" केलंत की चेहरे पडतात.

पाण्याची बाटली संपली आणि दुकान बंद? गावाबाहेरची दफनभूमी शोधा. थट्टा नाही, तिकडचे सायकलवाले असंच करतात, फुलांना घालायला तिथे नळ असतो. फक्त नळावर "नाँ पोताब्ल" लिहिलेलं असेल तर ते पिऊ नका.

रस्त्याचे नियम मुंबई-पुण्याच्या सवयीने पाळू नका. उजवीकडून चालवायचं हे सगळ्यांना माहीत असतं, तरी फोटोला थांबून परत निघताना लोक डावीकडेच लागतात, जास्त धोका तिथेच. दुसरं म्हणजे गावात बोर्ड नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, गल्ली कितीही छोटी असू दे. रस्त्यावर पिवळा चौकोन टोकावर उभा केलेला दिसला तर तुमचा रस्ता मुख्य, त्यावर काट दिसली की ते संपलं. कानात इअरफोन घालून चालवायला बंदी आहे, दंड १३५ युरो. रात्री गावाबाहेर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं. दारूची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे, लिटर रक्ताला ०.५ ग्रॅम, तेव्हा वूव्रेचं वाइन टेस्टिंग मुक्कामाला पोचल्यावर करा.

नदीत उतरू नका. उन्हाळ्यात पाणी कमी असतं, मधे वाळूची बेटं दिसतात, गुडघाभर पाणी आहे असं वाटतं. पण वाळू पायाखालून सरकते, खड्डे दिसत नाहीत आणि ओढ जबरदस्त असते. बहुतेक ठिकाणी पोहायला मनाई आहे आणि ती उगाच नाही.

दिवसाचे किलोमीटर ठरवताना पण गडबड होते. घरी शंभर सहज करता म्हणून इथेही रोज शंभर लावू नका. शाँबोरचा नुसता भिंतीने वेढलेला परिसर ५४४० हेक्टर आहे, त्यात शॅतो बघायला तीन तास गेले तर दिवस संपला. दिवसाला एक शॅतो, ५०-६० किमी, बस. सायकल कुठे ठेवायची हा प्रश्न आलाच, तर अकॉय व्हेलोचा शिक्का असलेली हॉटेलं घ्या, त्यांना सायकलसाठी सुरक्षित जागा द्यावीच लागते. व्हिसासाठी घेतलेला ३० हजार युरोचा इन्शुरन्स दवाखान्यासाठी असतो, सायकल चोरीला गेली तर त्यात काही मिळेलच असं नाही, पॉलिसी वाचा.

शेवटचं ट्रेनचं. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून ब्ल्वा, तूरला जाणाऱ्या रिजनल गाड्यांत सायकल अख्खी नेता येते, पण उन्हाळ्यात काही गाड्यांना सायकलचं वेगळं रिझर्व्हेशन लागतं, तिकिटाबरोबरच बघून घ्या. टीजीव्ही या वेगवान गाडीत सायकल सुटी करून न्यायची तर बॅग १३० बाय ९० सेंमीच्या आत हवी, विमानातून आणलेली मोठी कडक पेटी त्यात बसेलच असं नाही. आणि ती पेटी चार दिवस ठेवणार कुठे? म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यातून सायकल आणा, खोकं टाकून द्या, आणि परत येताना सायकलच्या दुकानातून दुसरं मागून घ्या. दुकानदाराला दोन दिवस आधी सांगून ठेवा, आणि खोकं घ्यायला सोमवारी जाऊ नका.