एक नंबर दाबला, दोन इंजिनं सुटली

२२ वर्षांनी माळ्यावरून माझ्या मॉडेल रेल्वेच्या रुळांचं खोकं खाली आलं. नौपाड्यातलं घर, म्हणून लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी, पलंगाखाली मावेल एवढाच. पूर्वी नॉब फिरवला की रुळातलं व्होल्टेज वाढायचं, गाडी पळायची. आता डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल: रुळात वीज कायम पूर्ण, हुकूम ऐकतो तो इंजिनातला डिकोडर, एक छोटं सर्किट. त्याच्या सेटिंगमध्ये 'सीव्ही' वाचून मला तर नोकरीचा अर्जच आठवला!

दोन नवी इंजिनं ठेवली, कंट्रोलरवर ३ दाबलं, दोन्ही सुटली. कारण साधं, नव्या डिकोडरचा पत्ता, म्हणजे त्याला हाक मारायचा नंबर, बहुधा ३ च असतो. सीव्ही म्हणजे डिकोडरमधला आकडा ठेवायचा कप्पा. पत्ता सीव्ही १ मध्ये. एकच इंजिन प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे सेटिंग लिहायच्या वेगळ्या रुळावर, घेऊन तिथे ५ लिहिला. आता ५ दाबलं की तेवढंच हलतं. दुसरं उभंच, मेगाब्लॉकमध्ये अडकल्यासारखं.