चौकांचे सिग्नल एका जाळ्यात जोडताना

एखाद्या रस्त्यावरील आठ-दहा चौकांचे सिग्नल नियंत्रण कक्षाशी जोडायचे असतील, तर केबलचा आराखडा काढण्याआधी कोणता निर्णय कुठे घेतला जाईल हे ठरवावे. एकमेकींना छेदणाऱ्या दिशांना एकाच वेळी हिरवा दिवा मिळू न देण्याचे काम चौकातल्या कंट्रोलरच्या, म्हणजे दिवे बदलणाऱ्या यंत्राच्या, पेटीतच राहिले पाहिजे. ते जाळ्यावर सोपवणे म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळणे होय.

सिडनीत १९७०च्या दशकात विकसित झालेल्या स्कॅट्स या सिग्नल-नियंत्रण यंत्रणेची उतरंड या दृष्टीने अभ्यासावी. तेथे थांबारेषेपाशी रस्त्यात पुरलेली तारेची वेटोळी वाहनांची चाहूल घेतात आणि प्रादेशिक संगणक लगतच्या चौकांचा समान आवर्तनकाळ (सर्व दिशांच्या दिव्यांची एक पूर्ण फेरी व्हायला लागणारा वेळ) ठरवतो. संपर्क तुटला, की कंट्रोलर आधीच साठवलेले वेळापत्रक घड्याळाबरहुकूम चालवून शेजारच्या चौकांशी मेळ राखतो. तेही न जमल्यास तो आपल्या चौकापुरता चालतो.

हा मेळ घड्याळावर टिकतो. दोन चौकांत ४०० मीटर अंतर असेल आणि वाहने ताशी ३६ किलोमीटर वेगाने येत असतील, तर पुढचा हिरवा दिवा ४० सेकंदांनी लागायला हवा. पुढच्या चौकाचे घड्याळ १० सेकंद मागे पडले, तर आघाडीच्या गाड्या लाल दिव्यापाशी अडतात आणि मागचा सगळा तांडा थबकतो. म्हणून प्रत्येक पेटीला जीपीएसवरून वेळ मिळण्याची सोय करावी.

वेटोळ्यांची माहिती अगदी थोडी असते. कॅमेऱ्याच्या चित्रणाला मात्र सेकंदाला काही मेगाबिट लागतात. दोन्हींसाठी एकच फायबर असल्यास स्वतंत्र व्हीलॅन (एकाच केबलवर आभासी रीतीने वेगळी ठेवलेली जाळी) ठेवून सिग्नलच्या संदेशांना अग्रक्रम द्यावा.

फायबर वर्तुळाकार टाकावी, म्हणजे एके ठिकाणी तुटली तरी संदेश उलट बाजूने पोहोचतो. मात्र जाणारी आणि येणारी केबल एकाच डक्टमधून (केबलसाठी जमिनीखाली टाकलेल्या नळीतून) नेली, तर एकाच खोदाईत दोन्ही तुटतात. ही चूक कागदावर दिसत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष रस्ता चालून पाहावा.

शेवटी गर्दीच्या वेळी वाहतूक पोलीस हजर असताना चाचणी म्हणून पेटीतली संपर्काची केबल काढावी आणि स्टॉपवॉच घेऊन चौकातच उभे राहावे. संपर्क परत आल्यावर कंट्रोलरने पादचाऱ्यांचा हिरवा दिवा मध्येच न तोडता, दोन-तीन आवर्तनांत हळूहळू मूळ वेळापत्रकावर आले पाहिजे.